चाळणीवर राहिलेलं तांबं

एकशे त्रेचाळीस मीटर साठ सेंटिमीटरवर मला तांबं दिसलं आणि मी किंचाळले. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण शेजारच्या डाइंग मिलमधले चार जण भिंतीवरून डोकावले होते आणि त्यांना वाटलं होतं की साप निघाला.

मी हर्षदा. भूविज्ञानात एम.एस्सी. राहणार गोडादरा, नोकरी पलसाण्याच्या हायवेवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तापीच्या वरच्या अंगाला एका टेकडीत आमच्या कंपनीने एक भोक पाडलं होतं. टेकडीचं नाव सांगायला मनाई आहे, आणि मी गुपितं पाळणारी मुलगी आहे, निदान टेकड्यांच्या बाबतीत. भोकातून मनगटाएवढ्या जाडीचे दगडाचे लांब दांडे निघतात. त्याला कोअर म्हणतात. ते दांडे लाकडी पेट्यांत क्रमाने मांडून आमच्याकडे येतात. मी ते पाण्याने धुते, भिंगातून बघते आणि कुठल्या खोलीवर काय आहे ते वहीत लिहिते. जगातलं सर्वात भारी काम आहे. माझ्या आईला मात्र अजून वाटतं की एवढं शिकून मी दगड धुते.

आता तांब्याचं सांगते. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, हे शाळेतच शिकवतात. पण लाव्हा थिजताना त्यातली वाफ वर येते आणि वरच्या थरात बुडबुडे अडकून राहतात. लाव्हा गार होतो, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरतात. मग लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपतं आणि जाता जाता काहीबाही ठेवून जातं, कुठे गारगोटी, कुठे हिरवं खनिज. आणि फार क्वचित, इतकं क्वचित की पुस्तकात वाचून सोडून द्यावं, तिथे तांबं ठेवलेलं सापडतं. तांब्याचा दगड नाही हं. नुसतं तांबं, लाल, धातूचं, तारेसारखं वाकणारं. कधी कधी शेजारी चांदीसुद्धा!

तसे तीन ठिपके मला त्या कोअरच्या गोल अंगावर दिसले. मी सुई टोचली. ठिपका फुटला नाही, दबला. म्हणून मी किंचाळले. तुम्हीही किंचाळला असतात.

ललितसरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. ललितसर आमचे साहेब. तीस वर्षं त्यांनी लिग्नाइट कोळसा शोधला आणि निवृत्तीनंतर या कंपनीत आले. ते गुजरातीत बोलतात, मी इथे मराठीत सांगते. ते म्हणाले, "लिही. पण उड्या मारू नकोस. लॅब काय म्हणते ते खरं."

मी वहीत लिहिलं, 'धातुरूप तांबं, सोबत चांदीची शक्यता', आणि खाली सही केली. उड्याही मारल्या.

कंपनीने या टेकडीसाठी एकच भोक मंजूर केलं होतं. लॅबने हो म्हटलं तर दुसरं भोक. नाही म्हटलं तर महिनाअखेर ड्रिलिंगचं मशीन दुसऱ्या राज्यात जाणार, शेडला कुलूप लागणार आणि माझ्या सहीच्या ओळीवर लाल रेघ. नोकरी दुसरी मिळाली असती हो. पण ती लाल रेघ मला कुणी मारलेली चालणार नव्हती. मी बघितलं होतं म्हणजे बघितलं होतं.

दगड कापायची करवत तेव्हा बिघडलेली, म्हणून छगनभाईंनी कोअर छिन्नीने उभी फोडली. अर्धी कुलपात ठेवली. अर्धी आधी ठेचली, मग दळली, चाळली आणि ती भुकटी पाकिटात भरून लॅबला पाठवली. छगनभाई म्हणजे आमचं दळण खातं. मशीन इतकं स्वच्छ ठेवतात की त्यात खुशाल गहू दळून घ्यावेत.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. तांबं, नावापुरतं. चांदी, आढळली नाही.

"तीन ठिपके होते, हर्षदा," सर म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "तीन ठिपक्यांची खाण होत नाही. आत काही नसणार."

मला इतका राग आला की मी थेट छगनभाईंच्या अंगावर गेले. काय केलंत माझ्या दगडाचं? कुठे सांडलात? बिचाऱ्यांनी शांतपणे सगळं दाखवलं. असा ठेचला, असा दळला, असा चाळला.

"आणि चाळणीवर राहिलं ते?"

"एमां शुं छे, बेन? ए तो मशीननो पतरो छे," ते म्हणाले आणि फडताळातून कागदाची एक पुडी काढली. मशीन घासलं जातं, त्याचे बारीक पत्रे दगडात मिसळतात, ते दरवेळी आपण नीट वेचून काढतो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. या वेळी पत्रे जरा जास्त निघाले होते, म्हणून साहेबांना दाखवून मशीन दुरुस्त करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. पुडीवर पेटीचा नंबर घातलेला होता. माणूस शिस्तीचा.

मी पुडी उघडली. चिमटीभर चपटे, काळपट, नखाच्या टवक्याएवढे तुकडे. मला काही कळलं नाही. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि गोडादऱ्याची रिक्षा पकडली.

आता आमचं घर. माझे वडील भटू, आम्ही त्यांना नाना म्हणतो. धुळ्याकडून आले ते जरीच्या कारखान्यात लागले, त्याला सत्तावीस वर्षं झाली; घरातली बोली मात्र अजून तिकडचीच. तांब्याची तार ओढून केसाएवढी बारीक करायची, तिला चांदीचं पाणी चढवायचं, मग दोन रुळांमधून दाबून चपटी करायची आणि धाग्यावर गुंडाळायची. झाली जरी. माझी आई प्रमिलाबाई घरी बसून तीच जरी साड्यांवर टाचते. त्यामुळे आमच्या घरात सगळंच चमकतं. उशी चमकते, वरण चमकतं, देवाआधी देव्हारा चमकतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचीच गादी चमकत असेल.

नाना पाटासमोर बसून चहा पीत होते. मी पुडी त्यांच्यासमोर ओतली आणि माझी सगळी रडकथा सांगायला लागले. ते ऐकत नव्हतेच. त्यांनी एक तुकडा उचलला, नखाने घासला, अंगठ्यावर ठेवून दाबला.

"हाई कोनी चपटं करं?" त्यांनी विचारलं.

"मशीनचा पत्रा आहे तो, नाना."

"पत्रा?" नानांना माझी कीव आली. त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून लिंबाच्या फोडीएवढी चिंधी घेतली, तिच्यावर खरंच लिंबू पिळलं आणि तिने तो तुकडा पुसला. काळपटपणा गेला आणि पाटावर लाल तांबं हसायला लागलं. "तांबं शे. आनि हाई दख, कोरले चांदी." कडेला खरंच एक पांढरी रेघ होती.

"पण नाना, दगड दळला तेव्हा तांब्याचीही भुकटी व्हायला हवी ना? भुकटीत तांबं नाहीये!"

नानांनी आईकडे पाहिलं, आईने नानांकडे पाहिलं. एम.एस्सी. झालेली पोर आणि हे विचारते.

"तांबं कुटं ते चपटं व्हस," नाना म्हणाले. "पीठ नही व्हत, बेटा."

मी जागच्या जागी उभी राहिले. दगड ठिसूळ, त्याचं पीठ होतं, ते चाळणीतून खाली पडतं. तांबं आणि चांदी लवचीक. ठोकलं की पसरतात, पुन्हा ठोकलं की आणखी पसरतात आणि चाळणीवर बसून राहतात. म्हणजे लॅबला आम्ही तांबं काढून घेतलेला दगड पाठवला होता! नेमकं जे शोधत होतो ते वेचून, पुडी बांधून फडताळात ठेवलं होतं! लिग्नाइटचं पीठ होतं, म्हणून सरांना तीस वर्षांत हा प्रश्न पडला नाही. मला पुस्तकात सगळं शिकवलं होतं, एवढंच शिकवलं नव्हतं.

मी नानांना उचललं. खरंच उचललं, ते बारीकच आहेत. आई ओरडली, "काय व्हयनं वं?" मी तिलाही गोल फिरवलं, जरीच्या रिळांवरून उड्या मारल्या. दोन रिळं गडगडत जिन्याखाली गेली. खालच्या चंचलमावशी वर आल्या आणि काहीही न विचारता आमच्यात नाचायला लागल्या. त्यांचं असंच आहे. नंतर लोचो मागवला, चणाडाळीचा तो वाफाळता मऊ लगदा, वर तिखट चटणी दुप्पट. नाना लोचो खाताना पुन्हा पुन्हा ते तुकडे उलटसुलट करत होते.

"जमिनना पोटमा कोन चांदी चढावस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, गरम पाणी. लाव्ह्याच्या बुडबुड्यात आधी तांबं बसवतं आणि मग त्याच्यावर चांदी. नानांनी एक तुकडा दिव्यापुढे धरून पाहिला. मग म्हणाले की त्यांच्या कारखान्यातही हेच चालतं, फक्त बुडबुड्याऐवजी टाकी असते. त्या दिवशी मला वाटलं की मी सहा वर्षं शिकून जे शोधत होते ते घरी रोज संध्याकाळी डबा घेऊन परत येत होतं. मला नानांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं आणि चटणीमुळे आणखी आलं.

सकाळी मी शेडमध्ये पोचले ती विजयी वीरासारखी. सरांच्या टेबलावर पुडी ठेवली आणि एका दमात सगळं बोलले. सर उभेच राहिले. त्यांनी कपाळावर हात मारला. "पीठ होत नाही! अरे, साधी गोष्ट!" ते हसायला लागले, मी हसायला लागले, छगनभाईंना वाटलं आपली चूक झाली म्हणून ते घाबरून हसायला लागले.

मग सरांनी विचारलं, "हे तांबं आहे, वर चांदी आहे, हे ओळखलं कुणी?"

"माझ्या वडिलांनी! घरी पाटावर."

"पुडी घरी उघडलीस?"

"हो ना."

"वडील काय करतात?"

"जरीच्या कारखान्यात..." म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. तांब्यावर चांदी. चपटे केलेले तुकडे. जरीवाल्याच्या घरचा पाट.

सर पुन्हा खाली बसले. त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. तिथे जरीचा एक तुकडा लकलकत होता. मग माझ्या बाहीकडे. मग माझ्या नोंदींच्या वहीकडे, जिच्या शिवणीत जरीचा अख्खा एक धागा अडकला होता. मला तो कधी दिसलाच नव्हता. आपल्या घरचं चमकणं आपल्याला दिसत नाही.

"आणि ते तीन ठिपके," सर हळू आवाजात म्हणाले, "दगडाच्या बाहेरच्या अंगावर होते. तुझ्याच हाताखाली."

"म्हणजे मी लबाड आहे?" मी इतक्या मोठ्याने विचारलं की डाइंग मिलवाले पुन्हा डोकावले.

"लबाड नाहीस. चमकतेस," सर म्हणाले. "मी तुझ्यावर विश्वास ठेवीन गं. पण कंपनीला कळवताना मी काय लिहू? जरीच्या घरातल्या मुलीला दगडात जरी सापडली?"

मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, म्हणून मला जास्तच राग आला. सत्तावीस वर्षांच्या नानांच्या कामाने माझा तांब्याचा शोध लावला आणि त्याच कामाने तो पुसलाही. मला रडायचं होतं, पण छगनभाई समोर होते.

"कुलपातली अर्धी," मी म्हणाले. "ती कापा. फोडू नका, कापा. छिन्नीने फोडलं की दगड बुडबुड्यांच्या कडेने फुटतो, आतलं हिरव्या कवचाखाली झाकलेलं राहतं. करवत सरळ आरपार जाते. दगडाच्या पोटात मी काही चिकटवू शकत नाही ना?"

सरांनी विचार केला. "करवत उद्या दुरुस्त होतेय. पण एक अट. तू हात लावायचा नाहीस. शेडच्या दारात पिवळी रेघ आहे, तिच्या आत पाऊल नाही. आणि अंगावर एकही चमकणारा कण नको."

शेवटची अट ऐकायला सोपी वाटते. तुम्ही गोडादऱ्यात न चमकणारा कपडा शोधून बघा! माझे सगळे कपडे पलंगावर पडले. साध्या पांढऱ्या कुर्त्यात खिशाच्या आत टिकली निघाली. शाळेच्या जुन्या गणवेशाच्या पट्ट्यात जरी निघाली. आईने कपाळाला हात लावला, "आपला घरमा बिनचमकनं एक बी कापड नही." चंचलमावशींनी गल्लीभर विचारणा केली. प्रत्येक घरातून कपडे यायचे, आम्ही ते उन्हात धरायचो आणि उन्हात सगळे लखलखायचे. गल्लीतल्या बायका पोटभर हसल्या. कुणी म्हणालं, पोरीला गोणपाट गुंडाळा. शेवटी मावशींच्या नवऱ्याचा डाइंग मिलमधला खाकी गणवेश मिळाला. तो मिलमध्येच धुतला जायचा आणि मिलमध्येच असायचा. मला तो दोन माप मोठा होता, आणि एका खांद्यावर गुलाबी रंगाचा डाग होता.

सकाळी आईने मला शिकेकाईने तीनदा न्हाऊ घातलं. माझ्या कानांत बघितलं, नखांत बघितलं, भुवया पुसल्या. लग्नाच्या दिवशीही एवढी तयारी करेन असं तिने मला सांगितलं, पण आवाजावरून ती तसं करेलसं वाटलं नाही. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धी रजा घेतली आणि माझ्याबरोबर आले. फाटकाजवळ ते थांबले.

"मना हातले जरी लागेल शे," ते म्हणाले. "मी आठेच उभा ऱ्हास."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. सत्तावीस वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात लपवून माझा बाप हायवेच्या धुळीत उभा राहिला. मला ते अजिबात आवडलं नाही. मी पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिले, खाकीत, हात पाठीमागे, अगदी त्यांच्यासारखीच.

छगनभाईंनी करवतीचं पातं दोनदा धुतलं. मग कुलूप काढलं आणि ती अर्धी कोअर बाहेर आणली. सरांनी स्वतः ती करवतीखाली धरली. पाणी सुरू झालं, पातं किंचाळायला लागलं, राखाडी चिखल उडाला. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त सरांची पाठ आणि चिखलाने भरणारा त्यांचा शर्ट. पंधरा सेंटिमीटर कापायला किती वेळ लागावा? मी पायाचा अंगठा रेघेपलीकडे नेला आणि मागे घेतला. पात्याचा आवाज मधेच बदलला. दगड कापताना तो कर्कश असतो, आता तो जरा मऊ झाला. पुन्हा कर्कश, पुन्हा मऊ.

फाटकातून नानांनी ओरडून सांगितलं, "धातू लागनी!"

त्यांना माहीत असणारच. तार कापण्याचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता.

करवत थांबली. सरांनी तुकडा नळाखाली धरला आणि बघत राहिले. छगनभाई वाकून बघत राहिले. मी श्वास धरला होता आणि तो संपत आला होता.

मग सर वळले आणि त्यांनी तो ओला तुकडा माझ्याकडे धरला. काळ्या दगडात मधोमध कापले गेलेले बुडबुडे होते, सात-आठ. प्रत्येकाला हिरवी किनार. आणि किनारीच्या आत तांबं, ठिपके नाही, भरलेलं तांबं, लालभडक! मधल्या सर्वात मोठ्या बुडबुड्यात तांब्याच्या कडेला पांढरीशुभ्र चांदी, शेजारी शेजारी, एकमेकांत जराही न मिसळलेली.

सरांनी खिशातून फोन काढला. घाईत नंबर दोनदा चुकला. "मशीन हलवू नका," ते फोनवर म्हणाले. "दुसरं भोक घ्यायचंय. हो, त्याच टेकडीवर. रिपोर्ट? चाळणीवर राहिलेलं वेगळं तपासून घेतो, येईल तो सावकाश. मी डोळ्यांनी बघतोय!" मग त्यांनी माझी वही मागवली आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. वहीच्या शिवणीतला जरीचा धागा त्यांनी काढला नाही.

"आता हात लाव," ते म्हणाले.

मी लावला नाही. मी त्यांना म्हणाले, "आधी ते." सर फाटकाकडे गेले. नाना दोन पावलं मागे सरले, हात पाठीमागेच. सरांनी त्यांचा दंड धरला, हात पुढे आणला आणि ओला दगड त्या तळव्यावर ठेवला. तळवा चमकत होता, दगड चमकत होता, आणि त्याला आता कुणाचीच हरकत नव्हती.

नानांनी अंगठा चांदीवरून फिरवला. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"इतली जाड चांदी!" ते म्हणाले. "आमना शेठनी कधी इतली लावू दिधी नही."

सर हसत हसत कोअरच्या पेटीवर बसले. मी ढगळ खाकी सावरत हायवेच्या कडेला नाचले, आणि बारडोलीकडून येणाऱ्या उसाच्या ट्रकवाल्याने माझ्यासाठी पलसाण्याच्या वळणापर्यंत भोंगा वाजवत नेला.